तुमचा डावा कान

त्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलाखाली मी तुमच्या पायावर पाय दिला आणि तुम्ही माझं ऐकलंत. आपल्या लग्नाला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. तोवर माझ्या त्या पायाला तुम्ही एकदाही दाद दिली नव्हती. मग त्याच दिवशी का दिलीत? मला एवढंच विचारायचं आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस दिवस झाले. हा एकच प्रश्न घेऊन मी रोज दारापुढच्या बाल्कांवातल्या तुमच्या खुर्चीसमोर येऊन बसते, आणि खुर्ची तुमच्यासारखीच गप्प असते.

लोक येतात. शांत माणूस होता म्हणतात, देवमाणूस होता म्हणतात. मी मान हलवते. मनात म्हणते, शांत माणसाबरोबर संसार करून बघा एकदा. भांडणाऱ्याचं निदान कळतं, काय हवं आहे ते.

पायाची ती खूण माझी. माहेरहून, पेडण्याकडून, मिरच्या आणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पोतं अंथरून बसायला लागले तेव्हाची. मला कोणी धंदा शिकवला नाही. चार वेळा फसले आणि एक गोष्ट स्वतःच शिकले: जे हवं आहे ते तोंडावर दिसू द्यायचं नाही. मिरची घ्यायला गेले की चांगल्या ढिगाकडे मी बघतसुद्धा नसे. बाजूच्या ढिगातली उचलायची, मोडायची, नाक मुरडायचं. विकतानाही तेच. सुट्टीच्या शुक्रवारी तुम्ही माझ्या डाव्या हाताला स्टुलावर बसायचात आणि तुमचा चेहरा म्हणजे उघडं दार. म्हणून मी ठरवून दिलं होतं, पायावर पाय आला की 'नाही' म्हणायचं. 'नको', 'परवडत नाही', काहीही, पण नाही.

आणि तुम्ही काय करायचात? सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडायचात, "पांयार पांय कित्याक दिता गो? दी तिका, लग्नघर आसा तिचें!" गिऱ्हाईक हसायचं. पलीकडची नारळवाली हसायची. मी दात खाऊन मूठभर मिरच्या वर घालायची, आणि घरी येईपर्यंत बसमध्ये तुमच्याशी बोलायची नाही.

डिचोलीच्या कुंभाराकडचा तो दिवस आठवतो? लग्नाला वर्ष झालं नव्हतं. आरतीला वाजवायचं तुमचं जुनं घुमट फुटलं होतं आणि गणपतीची चवथ जवळ आली होती. कुंभाराच्या अंगणात दहा-बारा घुमटं उपडी घातलेली. नुसती मातीची, चामडं अजून चढवायचं होतं. मी आधीच सांगितलं होतं, आवडलं तरी खाली ठेवा, दुसरं उचला, निघायला लागा, मग मी बघते. तुम्ही एक उचललंत, पोटाशी धरलंत, लहान तोंडावर डावा पंजा ठेवलात, आणि उजव्या हाताने मातीवर नुसती टिचकी मारलीत. डोळे मिटले. तोंड जरासं उघडं राहिलं. मी पाय दिला. जोरात दिला. तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "हेंच जाय माका." 'हेच हवं' म्हणून सांगूनच टाकलंत! कुंभार माझ्याकडे बघून असा हसला की पुढे बोलण्यात अर्थच उरला नाही. घरी आणून तुम्ही त्याच्यावर शेळीचं चामडं चढवलंत, उन्हात ताणून वाळवलंत आणि संध्याकाळी मला म्हणालात, "आयक." पहिली थाप पडली ती मला कानात नाही, छातीत ऐकू आली. मी म्हटलं, "महाग पडलं." एवढंच म्हटलं. आवडलं म्हणून सांगितलं नाही. नियम तुमच्यासाठी होता तसा मलाही होताच.

तुमचे कान एका दिवसात गेले नाहीत. खाणीवरच्या क्रशरजवळ तुम्ही बावीस वर्षं उभे होतात, आणि तुमच्या वडिलांचे कानही चाळिशीत उतरले होते. दगड फोडणाऱ्या मशीनने नेले की घराण्याच्या रक्ताने, हा निवाडा कोणी केला नाही. आधी बारीक आवाज गेले. सायकलची घंटी, कुकरची शिटी, पाव घेऊन येणाऱ्या पदेराची हाक. मग माझा आवाज गेला. माझा आवाज बारीक आणि धारदार आहे, बाजारात चार रांगा ओलांडून जातो. पण चुलीपासून बाल्कांवापर्यंत तो पोचेना. कानातलं मशीन लावलंत, तर तुम्ही म्हणायचात, आवाज मोठा झाला पण शब्द नाहीत, कोणीतरी कळशीत तोंड घालून बोलतंय. शेवटी तेही खणात पडलं.

जाड आवाज मात्र राहिले होते. खाणीचा टिपर ट्रक सुरू झाला की तुम्ही मान वळवायचात. ढग गडगडला की पाटावरून उठायचात. आणि घुमट. आरतीच्या वेळी तुम्ही पहिल्यासारखेच वाजवायचात, त्यामुळे गावाला वाटायचं, याचे कान काही इतके गेलेले नाहीत. ते खोटं होतं हे मला ठाऊक होतं. सहा वर्षं मी तुम्हाला सगळं हाताने सांगितलं, मिरच्यांच्या पुडीच्या कागदावर लिहून सांगितलं. भांडायचं तरी लिहून. तुम्हीच सांगा, लिहून कसं भांडायचं? अर्धं लिहिते तोवर राग निवतो आणि तुम्ही पुढचं वाचायला थांबलेले असता, शाळेतल्या पोरासारखे.

म्हणून मी तुम्हाला शहरात नेलं. आपल्या लेकीने, शिल्पाने, फोनवर सगळी चौकशी केली होती. कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात, कानाच्या आत एक तार बसवतात, बाहेर कानामागे यंत्र. तिकडे बाकावर बसलो असताना शेजारची एक बाई मला म्हणाली, "थोडं जरी ऐकू येतं म्हणालात ना, की ऑपरेशन करत नाहीत. पुन्हा साधं मशीन वापरा म्हणतात. आमच्या मावशीला तसंच परत पाठवलं." ती कोण, तिची मावशी कोण, मला काही माहीत नाही. पण माझ्या डोक्यात ते घट्ट बसलं. इथेही तोच नियम, म्हटलं. हातात आहे ते दाखवायचं नाही.

डॉक्टर बाई चांगल्या होत्या. घाई नव्हती त्यांना. त्यांनी कागदावर गोगलगायीचा शंख काढला, म्हणाल्या, कानाच्या आत असा एक अडीच वळणांचा शंख असतो, तार त्याच्यात सरकवायची. मग दोन नमुने दाखवले. एक तार सरळ, केसासारखी बारीक आणि मऊ. ती शंखाच्या बाहेरच्या भिंतीच्या कडेने जाते, आत कमी खरचटतं. उरलेलं थोडं ऐकू येणं जपायचं असेल तर आपण बहुधा ही घेतो, असं त्या म्हणाल्या. दुसरी आधीपासूनच वळलेली. ती आत सोडली की शंखाच्या गाभ्याला कवटाळून बसते, ऐकण्याच्या नसेच्या जवळ. बोलणं दोन्ही तारांनी चांगलं ऐकू येऊ शकतं. आणि उरलेलं ऐकणं टिकेल याची हमी कुठल्याच तारेची नसते. बोलता बोलता हे सगळं त्या तुमच्यासाठी चित्राखाली लिहूनही देत होत्या.

मला त्या तारा बघून मिरच्याच आठवल्या. एक सरळ, एक बाकदार. आणि मी काय ऐकलं? 'जवळ' एवढंच ऐकलं. बाजारात गाळा घेताना मी बस स्टँडच्या जवळचा घेतला होता, लोकांनी वेड्यात काढलं होतं, आणि त्याच गाळ्यावर आपलं घर उभं राहिलं. जवळ ते चांगलं. माझा हिशोब तिथेच संपला.

मग डॉक्टरांनी तुमच्या तपासणीचा आलेख समोर ठेवला. खालच्या कोपऱ्यातल्या चार खुणांवर बोट ठेवून म्हणाल्या, "जाड आवाजांचं थोडं उरलं आहे इथे. याचा त्यांना रोजच्या जगण्यात उपयोग होतो का?" आणि मला नाही, तुम्हाला विचारलं. मोठ्या अक्षरांत लिहून कागद तुमच्याकडे सरकवला: 'असं काही ऐकता का, जे गेलेलं तुम्हाला चालणार नाही?'

तुम्ही वाचलंत. तुमचं तोंड जरासं उघडलं. ते तोंड मी कुंभाराच्या अंगणात पाहिलं होतं. आणि मी पाय दिला.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेनकडे बघत होते, बाजारात बघते तशी, दुसरीकडेच. तुम्ही म्हणालात, "ना. कांयच ना."

"नक्की?" त्यांनी पुन्हा लिहून दाखवलं.

"ना म्हळें न्हय?" तुम्ही हसलात.

त्यांनी फायलीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, मग वळलेली तार मला बरी वाटते. मी मनात म्हटलं, जिंकले. खरंच म्हटलं. बसमध्ये तुमच्या दंडाला चिमटा काढून म्हटलंही, "शेवटी शिकलात." तुम्हाला ऐकू कुठे येत होतं.

उजव्या कानाचं ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर यंत्र सुरू करायला नेलं. ऐकण्याची तपासणी करणारी ती मुलगी, नेहा, कॉम्प्युटरवर काहीतरी वरखाली करत होती आणि तुम्ही चेहरा वाकडा करून म्हणालात, पत्र्यावर कोंबड्या नाचतायत. मी पुढे वाकले. "ऐकू येतं का हो?" म्हटलं. तुम्ही माझ्याकडे खूप वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "तूं अशी उलयताली? उंदरीण कशी!"

सहा वर्षांनी माझा आवाज ऐकून नवऱ्याने पहिलं काय म्हणावं, तर उंदरीण! मी तिथेच भांडायला लागले आणि रडायलाही. नेहा बिचारी गोंधळली, आधी पाणी आणावं की शिल्पाला बोलवावं. मी रडले कारण तुम्ही उलट उत्तर देत होता. लिहून नाही, तोंडाने, माझं वाक्य संपायच्या आत.

मग महिन्या-महिन्याने शब्द साफ होत गेले. तुम्ही गाळ्यावर फोन करायला लागलात. "मिरची, पाव घेवन यो," एवढंच बोलून ठेवून द्यायचात, पण दिवसातून तीनदा करायचात. मला मिरची म्हणायचात ते मी लोकांना सांगत नाही. ते वर्ष आपलं चांगलं गेलं. इतकं चांगलं की नेहाने एकदा सांगितलेलं मी नीट ऐकलंसुद्धा नाही. तिने यंत्र काढून तुमचा उजवा कान तपासला होता. आलेखावरच्या त्या चार खुणा गेल्या होत्या. "उजव्या कानात उरलेलं होतं ते आता नाही," ती म्हणाली. तुम्ही मान हलवलीत. मी तेव्हा तिला विचारत होते, पावसाच्या दमट हवेत यंत्र खराब होऊ नये म्हणून काय करायचं.

तुम्ही ऐकलंत ते. मी नाही ऐकलं. दोघांत बहिरं कोण होतं?

मग चवथ आली. आरतीला मंडळी जमली, शामेळं-कांसाळी वाजवणारे आले, तुमचा बाबल आला. शाळेपासूनचा जोडीदार, तुमच्या शेजारी उभा राहून घुमट वाजवणारा. तुम्ही गळ्यात घुमट अडकवलंत. पहिली थाप मारलीत आणि थांबलात. चामड्यावरून हात फिरवलात. सैल झालं वाटलं तुम्हाला, समईवर जरा शेकलंत, पुन्हा थाप मारलीत. पुन्हा थांबलात. मग शांतपणे उजव्या कानामागचं यंत्र काढलंत, शर्टाच्या खिशात टाकलंत, मान कलती करून डावा कान घुमटाकडे नेलात, आणि डोळे मिटून वाजवायला लागलात.

मला काय वाटलं सांगू? तुम्ही मला कानावरून काढून खिशात टाकलंत. एवढ्या पाहुण्यांसमोर. आरती संपून लोक प्रसादाला बसायच्या आत मी तुम्हाला आत बोलावलं आणि तोंड सोडलं. "माझा आवाज खिशात आणि घुमट कानात? यासाठी केलं का मी सगळं?" तुम्ही हसत होता. यंत्र खिशातच होतं. मी काय बोलते ते तुम्हाला कळत नव्हतं, आणि कळत नाही हेही तुम्ही मला सांगत नव्हता. नंतर कधीतरी मी विचारलं, का काढलं होतं? तुम्ही म्हणालात, "घाम येतालो." मी मानलं. तुम्ही खोटं बोलू शकता हेच मला माहीत नव्हतं. मीच शिकवलेली विद्या, पण मला वाटायचं ती तुम्हाला आलीच नाही.

त्यानंतर मी हट्टाला पेटले. डाव्या कानालाही तार घालायची. दोन्ही कानांनी बोलणं आणखी चांगलं कळेल, बाजारासारख्या गोंगाटातही समजेल, असं नेहा म्हणाली होती. आणि माझ्या मनात दुसरंही होतं: दोन्ही कानांवर यंत्र असलं की माणूस मला खिशात टाकणार नाही. दोन वर्षं मी तुमच्या मागे लागले. सकाळी, जेवताना, बसमध्ये. तुम्ही म्हणायचात, "एक पुरो." मी शिल्पाला बोलायला लावलं, तरी "एक पुरो." मी अबोला धरला. एकदा, फक्त एकदा, तुम्ही वैतागून म्हणालात, "एक कान तुका दिला न्हय गो? आनीक कितें जाय?"

मी ते थट्टेवारी नेलं. माझ्यासारखी बाई, माल हातात घेऊन वजन सांगणारी, समोरचा काय देतो आहे हे तिला कळू नये! तुम्ही अर्धं दिलं होतं. मी पुरं मागत होते.

तो दिवस सांगायचा नव्हता, पण तुम्हाला तो माहीतच नाही, म्हणून सांगते. दुपार होती, पाऊस लागला होता. मी मिरच्या भाजून झाल्यावर चहा ठेवला आणि हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. म्हटलं, काढून ठेवलं असणार यंत्र. मग माझी टकळी सुरू झाली. "पाऊस ऐकताय होय डाव्या कानाने? ऐका. घुमटाला कान आहे, ढगाला कान आहे, बायकोला नाही. मी मेल्यावर शोधाल हा आवाज." असं म्हटलं. किती वेळ बोलत होते देव जाणे. चहा गाळला, तुमचा कप घेतला, तोंडाने चालूच ठेवून बाहेर आले.

तुम्ही खुर्चीत होतात, मान डावीकडे कललेली. आणि यंत्र कानावर होतं. सुरू होतं. त्याचा तो हिरवा दिवा लुकलुकत होता.

हृदय बंद पडलं म्हणाले. कधी पडलं? पहिल्या हाकेच्या आधी की नंतर, ते कोणी सांगू शकलं नाही. म्हणजे माझं ते सगळं बोलणं एकतर कोणीच ऐकलं नाही, नाहीतर तुम्ही जाताना तेवढंच ऐकलंत. यातलं कुठलं बरं, हे मला ठरवता येत नाही. मी कशाचाही भाव ठरवू शकते. याचा नाही.

तेराव्यानंतर बाबल आला. बसला, सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "वयनी, एक मागूं? चवथीक ताचें घुमट म्हज्याकडे दी. वाजत रावूं दी." मी खुंटीवरच्या घुमटाकडे बघितलं. तेव्हा तो म्हणाला, "डावो कान ताणें घुमटाक दवरिल्लो, तुका खबर आसा मगो?"

डावा कान तुम्ही घुमटासाठी ठेवलात? मला काहीच खबर नव्हती. मग त्याच्याकडून कळलं. ऑपरेशननंतर उजव्या कानात घुमट कसं वाजतं, ते तुम्ही त्याला सांगितलं होतं. ताल सगळा कळतो, म्हणालात, पण घुमट नाही, तेलाचा रिकामा डबा वाजतो. पोटातून येतो तो आवाज नाही. तो आता फक्त डाव्या कानात आहे, थोडासा, आणि तिथे तार घातली आणि तोही गेला तर मी घुमट नुसतं हाताने वाजवायचं, असं तुम्ही त्याला म्हणाला होतात. सरळ तार कुठली, वळलेली कुठली, कशाने काय जपतं, हे तुम्ही बाबलला सुपारीच्या सालाने जमिनीवर काढून दाखवलं होतं. म्हणजे डॉक्टरांच्या त्या चित्रावरून तुम्हाला सगळं कळलं होतं. लिहिलेलं वाचून कळलं होतं. मला ऐकून कळलं नाही.

"मग डॉक्टरला का नाही सांगितलं त्यांनी?" मी विचारलं. बाबल म्हणाला, त्यानेही हेच विचारलं होतं.

"मग काय म्हणाले?"

"हांसलो. आनी घुमट हातांत घेतलें."

हसलात! मेलं ते हसणं तुमचं.

परवा मी एकटी शहरात गेले. शिल्पाला सांगितलं, यंत्र परत देऊन येते, कोणाच्या उपयोगी पडलं तर. ते खरं होतं, पण त्यासाठी गेले नव्हते. डॉक्टर बाईंना मी विचारलं, सरळ तार घातली असती तर त्यांचं घुमट राहिलं असतं का? त्यांना घुमट म्हणजे काय ते आधी सांगावं लागलं. मग टेबलाखालच्या पायाचंही सांगितलं. ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. शिल्पालासुद्धा नाही.

त्यांनी फाईल उघडून तो जुना आलेख काढला. मग म्हणाल्या, "ते 'हो' म्हणाले असते तर मी सरळ तार घेतली असती. एवढंच मी नक्की सांगू शकते. पुढचं नाही. काहींचं टिकतं, काहींचं जातं, काहींचं आधी टिकतं आणि वर्षभराने जातं."

"अंदाजाने सांगा."

"अंदाज सांगून तुमच्या मनावर ओझं कशाला घालू?"

मी आवाज चढवला. म्हटलं, राहिलं असतं म्हणा, म्हणजे दोष माझा, मी घेते. नसतं राहिलं म्हणा, म्हणजे मी सुटते. दोन्हीतलं एक द्या, मी वाद घालणार नाही. बाहेरचे लोक दारातून बघायला लागले. त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्याकडे नाहीच हो ते. असतं तर दिलं असतं." तुम्हाला माहीत आहे, समोरचा लपवतो आहे की खरंच त्याच्याकडे माल नाही, हे मला चेहऱ्यावरून कळतं. त्यांच्याकडे नव्हतं. मी पाणी प्यायले आणि उठले. इतक्या वर्षांच्या धंद्यात कुठूनही मी अशी हात हलवत परत आले नव्हते.

घरी येऊन घुमट खाली काढलं. पोटाशी धरलं, तुम्ही धरायचात तसं. एक थाप मारली. मला दोन्ही कानांनी ऐकू आलं, आणि मला इतकी लाज वाटली की पुन्हा मारली नाही. बाबलला अजून हो म्हटलेलं नाही. देईन. तो वाजवेल तेव्हा मी कुठे उभं राहायचं, ते अजून ठरलेलं नाही.

कधी वाटतं, तुम्ही माझ्या पायाला घाबरलात. कधी वाटतं, घाबरला नाहीत, तुम्हाला उंदरिणीचा आवाज हवा होता आणि त्यासाठी तुम्ही हातातलं सोडलंत, चेहऱ्यावर काही न दाखवता, अगदी माझ्यासारखं. दुसरं खरं असावं असं मला फार वाटतं. पण मला हवं आहे म्हणून तेच खरं, असं समजायला मी एवढी कच्ची नाही.

काल शुक्रवार होता. तुमच्यानंतर पहिल्यांदाच गाळ्यावर गेले. तुमचं स्टूल डाव्या हाताला तसंच ठेवलं आहे, कोणाला हलवू दिलं नाही. आमोण्याची एक बाई आली. चांगल्या ढिगाकडे न बघता बाजूची मिरची मोडून बघत होती, म्हणजे धंद्यातली होती. मी भाव सांगितला. तिने निम्मा सांगितला. "लेकीचें बाळंतपण आसा गो बाये, कमी कर," म्हणाली. आणि माझा पाय आपोआप डावीकडे गेला.

स्टुलाचा पाय लागला पायाला. मी तो दाबून धरला. ती बोलत होती, मी वाट बघत होते. आता ओरडाल, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडाल आणि मला मूठभर वर घालावी लागेल.

"कितें जालें गो?" त्या बाईने विचारलं.

"ना," मी म्हटलं. "कांयच ना."

तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग पुढे घासाघीस न करता मी सांगितलेल्याच भावाने मिरची घेतली आणि निघून गेली.